अण्णा मरेनात

सातशे पानांच्या अभिजात कादंबरीचं दोन तासांचं नाटक. पहिल्या दहा मिनिटांत म्हातारा बाप मरणार आणि मग दोघे मुलगे घरासाठी भांडणार, असं ठरलेलं. पण बाप झालेल्या अण्णांना पहिल्याच वाक्याला टाळी पडली आणि त्यांनी मरण पुढे ढकललं. संहितेत नसलेली कादंबरीतली पानंच्या पानं ते खाटेवरून म्हणत सुटले.

"अण्णा, मरा ना आता!" विंगेतून दिग्दर्शक कळवळला.

"आमचे सीन गेले की हो," उशाशी बसलेला धाकटा पुटपुटला. थोरल्यानं तर सरळ अण्णांच्या तोंडावर चादर ओढली.

चादरीखालून भाषण चालूच.

पडदा पडला तेव्हा अण्णा ठणठणीत होते आणि पोरांचं एकही वाक्य झालं नव्हतं.

 

 

दुसऱ्या दिवशी परीक्षण आलं : "बाप मरायची वाट काय पाहिलीये दोन्ही मुलांनी! मूळ कादंबरीतही ते इतकं जमलं नव्हतं."