चंद्र मधोमध आला की

चाकणच्या आमच्या कारखान्यात देवापेक्षा कुलपावर जास्त विश्वास. चहाच्या सुट्टीत सयाजीमामांनी पत्रा कापायच्या प्रेसचा मेन स्विच बंद केला, कुणी चुकून चालू करू नये म्हणून त्यावर आपलं कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

प्रेसशेजारी बसून करिष्मा नागसेनला मोबाईलवर व्हिडिओ दाखवत होती. कुठल्याशा यानाने टिपलेला. दूरच्या एका ग्रहासमोरून काळा चंद्र सरकत होता. तो बरोबर मधोमध आला आणि धाड! बंद प्रेस आपोआप खाली आली. खालच्या साच्यात, डायमध्ये, विसरलेला पाना चेचला गेला. प्रेस पुन्हा वर जाऊन थांबली.

नागसेन हसला. "परत लाव बरं."

चंद्र मधोमध आला. धाड! पान्याचा तुकडा उडून नागसेनच्या गालात घुसला. रक्ताने त्याचा शर्ट भिजला.

"डिलीट कर तो!" नागसेन किंचाळला. करिष्माने व्हिडिओ डिलीट केला.

सयाजीमामा मोशीचे, सारी उमर प्रेसवर काढलेले. "कुलूप माझं हाय, किल्ली माझ्यापाशी हाय. चंद्राला कसलं भिता रं?" म्हणत त्यांनी तुकडे काढायला कोपरापर्यंत हात डायमध्ये घातला.

करिष्मा पांढरीफटक पडली.

"मामा, हात काढा! मी तो व्हिडिओ मघाशीच शिफ्टच्या ग्रुपवर टाकलाय!"

"काय टाकलंय?" मामांनी मान वळवली. हात आतच होता.

दाराबाहेर चहाच्या गाडीपाशी कुणीतरी खुशीत ओरडलं, "बघा राव, काय भारी चाललाय चंद्र! आला, आला, मधोमध आला!"