काकूंचा कॉम्प्युटर

काकू गेल्यावर काटकसरी काकांनी एकच चैन केली. काकूंचे फोटो पटकन उघडावेत म्हणून त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये नवी डिस्क आणि नवी मेमरी बसवून घेतली. फोटो नव्या डिस्कवर उतरवून जुनी डिस्क बदल्यात देऊन टाकली, तेवढीच बचत. त्या दिवसापासून कॉम्प्युटर सुरूच होईना, आणि फोटो दुसरीकडे कुठेच नव्हते.

"काका, चालत्या गाडीला खीळ कशाला घातलीत?" घरी आलेला दुरुस्तीवाला म्हणाला.

"फोटो उघडेपर्यंत धीर निघत नव्हता हो."

दुरुस्तीवाल्याची पद्धत साधी होती: आधी सगळं काढायचं, मग एकेक जोडत जायचं. त्याने नवी डिस्क काढून टेबलावर ठेवली. कीबोर्ड आणि माउसही सोडवले.

"आता 'डिस्क सापडत नाही' एवढंच म्हणेल," असं सांगून त्याने बटण दाबलं.

पडद्यावर काकूंचं नाव आलं. खाली पासवर्डची रिकामी चौकट.

दुरुस्तीवाल्याने टेबलाकडे पाहिलं. डिस्क तिथेच होती.

चौकटीत एक ठिपका उमटला. मग दुसरा. एका बोटाने अक्षर शोधत टाइप करावं, तसे सावकाश. सहा झाल्यावर सगळे पुसले गेले आणि पुन्हा पहिल्यापासून उमटू लागले.

"ही पहिल्यांदा चुकतेच," काका खुर्ची पुढे ओढत म्हणाले.

दुरुस्तीवाल्याने भिंतीतली वायर उपटली. ठिपके थांबले नाहीत.

"राहू द्या हो," काका हळूच म्हणाले. "हिला घाई केलेली खपत नाही."