कल्पेशचा बिबट्या

मृत्यू आता माणसाच्या मुठीत आला आहे, असं कल्पेशने संगणक सुरू करत जाहीर केलं आणि बेल्हे गावाची वीज गेली. ती येईपर्यंत कुशाबाईंनी दोनदा चहा घेतला. गेल्या साली त्यांच्या नवऱ्याला उसात बिबट्याने मारलं होतं. लोकांनी सावध राहावं म्हणून कल्पेशने तो हल्ला संगणकावर थ्रीडी ॲनिमेशनमध्ये उभा केला. कुशाबाई हो म्हणाल्या तरच तो ग्रामसभेत दिसणार होता. पडद्यावर बिबट्याने झेप घेतली, मानेत सुळे रुतवले, मणका कडकन मोडला, रक्ताची चिळकांडी पाचटावर उडाली. टोपी गरगरत चिखलात पडली. “नुसती टोपी पाडायला तीन दिवस लागले, मावशी,” कल्पेश म्हणाला. कुशाबाई म्हणाल्या, “दाखव बाबा, कुणाचं तरी माणूस वाचंल. पण ह्ये चारचौघांत बोडक्यानं कधी बसले न्हाईत. मारायचं तर मार, तेवढी टोपी पडू देऊ नको.”