सव्वानऊचा पूल

"यात सोन्याचा घुमट कुठाय?" ब्रुनाने कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

रविवारची जेवणं नुकतीच आटोपली होती. नेरिना ओट्यापाशी उभी राहून आर्टिचोकची काटेरी बोंडं सोलत होती. नणंदेचा आवाज ऐकून तिचा सुरीचा हात मंदावला.

कागद नेरिनाच्या मुलीचा, इलारियाचा होता. वय वर्षं नऊ. गुरुवारी डोंगरातल्या एका शाळेची तेवीस मुलं व्हेनिस बघायला येणार होती. त्यांना शहर कसं दाखवायचं, याचा बेत वर्गातल्या प्रत्येकाने आखायचा होता आणि उद्या बाई त्यातला एक निवडणार होत्या. इलारियाचा बेत बघायला ब्रुना मुद्दाम पलीकडून, मुख्य भूमीवरून आली होती. पर्यटकांना शहर दाखवायचा परवाना होता तिच्याकडे. रविवारीसुद्धा गळ्यात असायचा.

"राजवाडा नाही, घुमट नाही. मग आहे तरी काय?" ती मोठ्याने वाचू लागली. "पावणेनऊ, स्टेशन. सव्वानऊ, ठेंगणा पूल, आईची बोट. दहा, होड्या दुरुस्त करणारे आजोबा. अकरा, उभ्याने होडीतून पलीकडे. कोणाचा तोल गेला तर हसू नये." तिने चष्मा कपाळावर सारला. "अगं बाळा, ती पोरं पहाटे चारला उठून येणार, ती काय हॉटेलांच्या मळक्या चादरी बघायला?"

"धुतलेल्या," इलारिया म्हणाली. "मळक्या परतीच्या फेरीला असतात."

नेरिनाने मान वर केली नाही. हॉटेलांचं धुणं नेणाऱ्या-आणणाऱ्या बोटींवर सुकाणू धरणारी ती एकटीच बाई. सात वर्षं झाली. घरात कोणी त्याबद्दल बरंही बोललं नव्हतं, वाईटही नाही. आज ती गोष्ट कागदावर होती, वेळ घालून, राजवाड्याच्या जागी. ती ओळ राहावी असं तिला इतकं वाटलं, की तोंडातून भलतंच गेलं.

"ताई म्हणतात ते खरंय, इलू. माझं काय बघायचं? खोड ती ओळ."

इलारियाने आईकडे पाहिलं. खोडरबर टेबलावरच होतं. तिने त्याला हात लावला नाही.

"मी खोडते," ब्रुना म्हणाली आणि तिने पेन्सिल उचलली. मग ती थबकली. फ्रिजशेजारी भरती-ओहोटीचं कोष्टक टांगलेलं होतं, बोटवाल्यांच्या घरी असतं तसं. तिने गुरुवारच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे बघ. मनाला लावून घेऊ नकोस, पण तुझं गणितच चुकलंय. तुझी आई त्या पुलाखालून चादरींच्या ट्रॉल्यांनी भरलेली बोट काढते ती फक्त पाणी तळाला असताना. बरोबर?"

"बरोबर," इलारिया म्हणाली. "चार बोटं पाणी चढलं तरी अडते."

"इथे ओहोटीचा तळ छापलाय सव्वाआठचा. तू पोरांना उभी करतेस सव्वानऊला. तासाभरात चार बोटं कधीच चढलेली असतील. आई मोठ्या कालव्याने वळसा घालून गेलेली, आणि तेवीस पोरं पुलावर रिकामं पाणी बघतायत."

नेरिनाचा हात थांबला. तिला उत्तर माहीत होतं. तिने पुढचं बोंड उचललं.

"आत्या, ते कोष्टक हिवाळ्याच्या घड्याळाचं असतं. वर्षभर," इलारिया शांतपणे म्हणाली. "आता मे आहे, तिथले सव्वाआठ म्हणजे आपले सव्वानऊ. मार्चमध्ये आपण उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे केली. पाण्याने नाही केली."

ब्रुनाने कोष्टकाकडे पाहिलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडे. मग ती हसायला लागली, आधी नाकातून आणि मग पोट धरून.

"बारा वर्षं पलीकडे कोरड्या जमिनीवर राहिलं की असं होतं बघ! नेरिना, ही आमच्या घराण्याची नाही गं. ही अख्खीच्या अख्खी तुझी आहे. कधी शिकवलंस?"

"मी?" नेरिनाने हात पुसले. "मी नाही शिकवलं."

"शिकवायचं काय त्यात?" इलारिया म्हणाली. "मला शाळेच्या आधी पुलावर थांबायचं असतं. मग बघावंच लागतं ना, आज आईची बोट किती वाजता ते."

नेरिनाला हे ठाऊक नव्हतं. पुलाखाली शिरताना ती कधीच वर बघत नसे.

ब्रुनाने पेन्सिल अजून हातातच धरली होती. तिने ती कागदावर टेकवली. "बरं बाई. तेवीस पोरं आहेत. कुठल्या कठड्याला उभी करायची? तुझ्या बाई विचारतील. लिहायला नको?"

"डाव्या." इलारियाने तिच्या हातातून पेन्सिल घेतली आणि जीभ दातांत धरून बराच वेळ लिहीत बसली. मधेच म्हणाली, "आणि आई, ती पोरं ओरडतील, पण तू हात हलवू नकोस हं. पुलाखाली सुकाणू सोडायचं नाही."

"नाही सोडत," नेरिना म्हणाली.

लिहून झाल्यावर इलारियाने कागद आधी आईसमोर धरला. सव्वानऊच्या ओळीखाली नवी ओळ होती, समासापर्यंत गेलेली:

'बोट पुलाला लागेल असं वाटेल. घाबरू नये. माझी आई अगदी शेवटच्या क्षणी मान खाली घालते. तिला सगळं माहीत असतं.'

नेरिनाने ती ओळ वाचली आणि मान खाली घातली, पुलाखाली घालायची तशी. पूल लहानच होता तो, एरवी तीन श्वासांत ती पलीकडे निघायची. आज बराच वेळ झाला, तिने मान वर केली नाही.