हरेल त्याने

थोरल्याने पूलचा डाव फोडला आणि पहिल्याच फटक्यात दोन चेंडू टेबलाच्या खिशांत गेले. धाकट्याने शिट्टी मारली.

"दादा, आज कुणाचं तोंड बघून उठलास?"

थोरला हसला नाही. काठीच्या टोकाला खडू घासत तो टेबलाच्या पलीकडे गेला.

भिंतीलगतच्या बाकावर आई बसली होती, पायाशी तिची कपड्यांची पिशवी. वडील एका क्लबात पूलची टेबलं सांभाळायचे, तेव्हापासून घरातल्या नको त्या कामांचा निकाल हे दोघे भाऊ टेबलावरच लावत आले होते. हरेल त्याने करायचं. नियम आईनेच घालून दिला होता, भांडी कुणी घासायची यावरून दोघे एकमेकांच्या उरावर बसायचे म्हणून.

आजचं काम आई होती. यापुढे तिला कुणी सांभाळायचं, ते ठरत होतं. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण न कळायला ती काही दूधखुळी नव्हती.

धाकटा निर्धास्त होता. असा गेलो आणि असा आलो, असं बायकोला सांगूनच तो निघाला होता. थोरला आजवर कधी जिंकलाच नव्हता. वडिलांच्या आजारपणात दवाखान्यातल्या रात्री कुणी काढायच्या? थोरला हरला. वडील गेल्यावर आईला कुणी न्यायचं? तेव्हाही डाव जिंकून देणारा शेवटचा काळा चेंडू अगदी खिशाच्या तोंडाशी असताना त्याची काठी घसरली. दादाच्या हाताला यशच नाही, असं धाकटा चारचौघांत हसत सांगायचा.

तिसरा चेंडू गेला. चौथा कडेला आपटून, उलटा फिरून गेला. पांढरा चेंडू पुढच्या फटक्याला हवा तिथेच येऊन थांबत होता, आणि थोरला तो थांबायच्या आधीच तिकडे चालू लागत होता.

धाकट्याच्या हातातली काठी तशीच राहिली. थोरल्याचं काचा कापायचं दुकान होतं. त्याने कापलेली काच चौकटीत केसभरही हलत नसे. अशा माणसाची काठी दर वेळी नेमकी शेवटच्या चेंडूलाच कशी घसरायची, हा प्रश्न इतक्या वर्षांत धाकट्याला पडला नव्हता. आता पडला. त्याला आधी लाज वाटली, मग भीती.

"दादा, तू मुद्दाम हरायचास?"

"कुणीतरी हरायला हवंच होतं."

"मग आज?"

थोरल्याने आवाज खाली आणला. "परवा तिला न्हाणीत उचलताना दोघंही पडलो. तुझी वहिनी बाजारातून येईपर्यंत तसेच पडून होतो. माझी पाठ गेली रे. आता नाही होत."

टेबलावर त्याचा शेवटचा, काळा चेंडू उरला होता. खिसा समोरच. थोरला वाकला आणि वाकलेलाच राहिला, बराच वेळ. घसर दादा, एकदाच घसर, धाकटा मनातल्या मनात गयावया करत होता. बाकावर आई बसली होती हेसुद्धा तो त्या क्षणी विसरला.

काळा चेंडू आवाज न करता आत गेला.

आई भिंतीला धरून उठू लागली. सवयीने थोरल्याचा हात पुढे झाला. तिने तो धरला नाही. उभी राहिल्यावर तिने पिशवी धाकट्याच्या हातात दिली आणि मग थोरल्याकडे वळली.

"एवढं छान खेळता येतं होय रे तुला?"