रामेश्वरची गादी

दौलतने तिसरी गादी लोखंडी खांबाला टेकवली, गुडघ्याने दाबून धरली आणि दोरीची गाठ दातांनी आवळली. बाहेर दुबईत फेब्रुवारीचं लख्ख ऊन होतं. इथे छपराखाली, बर्फाच्या घसरगुंडीवर, उणे दोन. गाठ मारताना तो गुणगुणत होता. गावच्या बुवांच्या कीर्तनातली चाल. रंगात आलेलं कीर्तन मध्येच थांबवून बुवा म्हणायचे, "देव अडल्या जागी उभा राहतो हो. पण उभं राहायला त्याला अंग आपलंच लागतं!" मग टाळ असे काही कडाडायचे की झोपलेलं पोरसुद्धा उठून बसे.

दहाला फाटक उघडायचं होतं. शुक्रवारची सुट्टी, पोरांची रांग आत्ताच दाराबाहेर गेलेली.

बुधवारी बर्फावर घसरणारी रिकामी स्लेज-गाडी चाचणीला सोडली, तर शेवटच्या वळणावर ती काठावरून उडाली आणि छपराच्या या खांबावर आदळली. स्लेजचं नाक आत गेलं. खांबाला ओरखडा नाही. गेल्याच शुक्रवारी तिकडे कॅनडात, ऑलिंपिकच्या सरावात, एकवीस वर्षांचा एक मुलगा असाच बर्फावरून उडून उघड्या खांबावर गेला होता. कामगारांच्या कॅम्पातल्या टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. दौलत ताटावरून उठला तो जेवलाच नाही.

खांबाला गुंडाळायचे फोमचे पट्टे मागवलेले होते. मंदी आली आणि हेड ऑफिसने माणसांबरोबर पट्टेही कापले. दौलतने बर्फ रचून काठ वीतभर वाढवला होता खरा. पण बर्फच तो.

"दौलतभाऊ! हे काय, धर्मशाळा उघडलीत का इथे?"

सुजीत, मॅनेजर, जाकीट न घालताच धावत आला होता.

"गाद्या आहेत साहेब."

"ते दिसतंय मला. कुणाच्या?"

"ही मधूची, ही शैलेंद्रची. वरची रामेश्वरची."

मंदीत घरी पाठवलेल्यांच्या गाद्या दौलतच्या खोलीत कुणी वापरत नसे. गुंडाळायच्या, मार्करने नाव लिहायचं आणि भिंतीला उभ्या करून ठेवायच्या. गादी उभी आहे तोवर माणूस परत येणार, असा त्या खोलीचा नेम. वर्ष झालं, एकही गादी आडवी झाली नव्हती. काल दौलतने तिघांनाही फोन केला. दोघे लगेच हो म्हणाले. रामेश्वरने मात्र विचारलं, "म्हणजे आडवी करणार?"

"आडवी नाही करत रे," दौलत म्हणाला. "उभीच बांधतो."

"मग बांध. ढेकूण तेवढे झटकून घे. आणि नाव बाहेरून दिसू दे. दुबईत बारा बिल्डिंगी उभ्या केल्या, एकीवर तरी लागलंय का माझं नाव?"

म्हणून गाद्यांवर पारदर्शक प्लॅस्टिक होतं, आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत रामेश्वर.

"काढा हे," सुजीत म्हणाला. "गेस्ट काय म्हणतील? हेड ऑफिसचं कुणी टपकलं तर? यल्ला, चला, दहा मिनिटं आहेत."

"काढतो. मग फाटक तुम्ही उघडा." दौलतने कमरेची चावी सोडून पुढे केली.

सुजीतने हात खिशातून काढला नाही. "माझ्यावर काय चिडता? पट्ट्यांसाठी तीन मेल टाकलेत मी. रिप्लाय नाही एकाचा. आणि तुम्ही असा हट्ट धरलात तर उद्या तुमचा व्हिसा कॅन्सल, खलास! तुमचीही गादी लागेल मग भिंतीला."

दौलत हसला. मिशीवरचं दव हललं.

"मग ती इकडेच पाठवा साहेब. त्या खांबाला कमी पडतेय."

चार पावलांवर दुसरा खांब होता. उघडा. सुजीत त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने बोटांनी पहिल्या खांबावरची गादी दाबून पाहिली, आणि फोन काढून घरी बायकोला लावला.

"मुग्धा, आईच्या खोलीतली गादी ड्रायव्हरकडे दे. हो, जाडवाली... अगं, बरा आहे मी. आणि पाहुण्यांची पण दे. संध्याकाळी सांगतो सगळं."

फाटक साडेअकराला उघडलं. रांगेतले आईबाप कुरकुरले. दुसऱ्या खांबावरच्या गुलाबी फुलाफुलांच्या गाद्या पाहून काहींनी फोटोही काढले.

साडेबाराला, नऊ-दहा वर्षांची एक मुलगी, लाल हेल्मेट घालून, शेवटच्या वळणावर आली. स्लेज वाढवलेल्या काठावर चढली. काठ फुटला.

धप्प.

दौलतच्या ओठांवरची चाल अर्ध्यात थांबली. तो धावला, सुजीत त्याच्याही पुढे.

बर्फातून लाल हेल्मेट वर आलं. मुलीने आधी उजवा हात हलवून पाहिला, मग डावा.

"कॅन आय गो अगेन?"

"नो बेटा," सुजीत म्हणाला. त्याने तिला तिच्या आईकडे दिलं आणि तो तिथेच बर्फात बसला. "दौलतभाऊ, फाटक लावा. हे वळण बदलल्याशिवाय उघडायचं नाही. हेड ऑफिसला मी सांगतो. लागू दे माझीही गादी भिंतीला."

दौलतने वर जाऊन फाटक लावलं, चावी कमरेला खोचली आणि खांबापाशी परत आला. गादीला मधोमध खळगा पडला होता. नाव त्यात चुरगळून गेलं होतं. तो हात न लावता बघत उभा राहिला. कापूस हळूहळू फुगत आला, प्लॅस्टिकवरचा बर्फ आपोआप गळून पडला, आणि रामेश्वर पुन्हा सरळ उभा राहिला.