क-चौदाची ओल

“काका, इथली जमीन तर ठणठणीत कोरडी आहे,” फरशीवर तळहात टेकवून संजना म्हणाली.

मुकादम बुधाजीने मान खाली घातली. पळस्प्याच्या त्या गोदामात अकरा वर्षांत त्याचा शब्द कोणी असा हात लावून तपासला नव्हता.

गोदाम दुसऱ्यांचा माल सांभाळणारे. कुणाचे पंखे, कुणाची औषधे, कुणाचे रंगाचे डबे. कोणता माल कोठे आहे, हे आजवर केवळ बुधाजीच्या डोक्यात असे. आता इंटरनेटवरची संगणक प्रणाली आली होती. येथे नोंद केली की गोदाम चालवणाऱ्या बंगळुरूच्या कंपनीला ती तत्क्षणी दिसे. प्रणाली बसवण्यासाठी पुण्याहून आलेल्या संजनाला बुधाजीने तीन आठवडे हाताला धरून गोदाम दाखवले. सहाशे बारा खाने त्याने खरे सांगितले. एकाविषयी मात्र तो खोटे बोलला. मागच्या भिंतीलगतचा, जमिनीवरचा क-चौदा.

“तितं ओल हाय, बाय. माल कुजतो.”

अकरा वर्षे तो खाना रिकामाच होता. दुपारी बुधाजीची बायको दमयंती डबा घेऊन येई आणि दोघे त्याच फरशीवर बसून जेवत. जेवण झाले की ती आपल्या पदराने फरशी पुसून घेई.

“मामांचं हाटेल उघडलं रे!” गोरख हमाल ओरडे. “मामी, एक प्लेट मांदेली इकडं पन!”

दमयंती हसून त्याला अर्धी भाकरी देई.

प्रणालीला मात्र रिकामी जागा खपत नव्हती. आज सकाळी पाण्याच्या पंपांचा कंटेनर आला आणि संगणकाने आपण होऊन जागा नेमली : क-चौदा. संजनाने फरशीला हात लावून पाहिला तो तेव्हाच.

“हा खाना बंद ठेव, बाय,” बुधाजी म्हणाला. आजवर त्याने कुणापुढे हात जोडले नव्हते. ते त्याने जोडले.

“ठेवते की. पण कारण नोंदवावं लागतं.” तिने संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. “ओल, गळती, उंदीर, दुरुस्ती. यातलं कोणतं, सांगा.”

बुधाजीने ती चार कारणे दोनदा वाचली. खरे कारण त्याच्या जिभेवर आले होते. परंतु ते उच्चारले असते, तर त्या ओळीत एकाही हमालाने पुन्हा पाऊल टाकले नसते. आणि मालकाने पहिली कुदळ तेथेच घालून घेतली असती.

“उंदीर लिव,” तो म्हणाला.

“उंदीर?” व्यवस्थापक कमलाकर मागे येऊन उभा होता. “औषधवाले आजच माल उचलून नेतील, बुधाजी! पोरीला कशाला छळताय? कंपनी तिकडून बघतेय. रिकामा खाना म्हणजे आपला नाकर्तेपणा.”

बुधाजीने जोडलेले हात खाली घेतले. संजनाचा एकच रकाना भरायचा उरला होता.

“काका, ही जागा किती वजन सोसेल? अंदाजे सांगा.”

तो पंपांच्या खोक्यांकडे वळला. तेव्हा तिने शेजारच्या खान्याचा आकडा उतरवून घेतला : दोन हजार किलो.

बुधाजीने चपला काढल्या. पहिल्या खोक्याला त्याने माल उचलायचे यंत्र लागू दिले नाही. ते त्याने स्वतः उचलले आणि निजलेल्या माणसाची झोप मोडू नये, अशा बेताने खाली टेकवले. मग यंत्र आले. खोक्यांची भिंत छातीएवढी झाली, डोक्याएवढी झाली, आणि तो आकडा पुरा होईपर्यंत त्याच्याही वर गेली.

बाराच्या सुमारास दमयंती डबा घेऊन आली. ओळीच्या तोंडाशीच ती थबकली. आज गोरखनेही हाक मारली नाही. ती हळूहळू पुढे गेली. सर्वांत खालच्या खोक्यावर तिने हात ठेवला. गोदाम उभे राहण्यापूर्वी येथे त्या दोघांचे भाताचे शेत होते, आणि ही भिंत आहे तेथे शेताचा बांध होता.

“किती वजन ठेवलंव?” तिने विचारले.

“दोन हजार किलो.”

दमयंतीने डबा खाली ठेवला.

“आवो, दात फुटलं नव्हतं म्हून आपून तिला अग्नी नाय दिला, हितं निजवली. दीड महिन्याच्या पोरीवर येवढं वजन?”